तांबडी डावीकडे ओढते

३ जानेवारी
घोडेस्वारी सुरू. वय ४८, पण पोश्चर तयार आहे. पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ सव्वीस वर्षं चालवतोय. खांदे सरळ, हनुवटी वर, हे हजारोंना सांगून झालंय. २८ फेब्रुवारीला क्लबचा शो. खांबांच्या दोन रांगांमधून घोडा सरळ न्यायचा, बस्स. मेव्हण्याला आमंत्रण दिलं. तो हसला. हसू दे.

७ जानेवारी, सकाळी ७
घोडी मिळाली ती तांबडी. डावीकडे ओढते. ट्रेनरबाई म्हणाल्या, तुम्ही डावीकडे कलता, म्हणून ती तुमच्या वजनाखाली यायला बघते. म्हणे! नाचता येईना अंगण वाकडं. यांना घोडी शिकवता येईना, तर स्वार वाकडा.

१५ जानेवारी
ताठ बसलो, छाती काढून. घोडी थांबली. बाई म्हणाल्या, मागे रेललात आणि लगाम ओढलात, ती काय करणार. पुढे वाकलो तर सुटलीच. कुंपणापाशी उतरलो. म्हणजे कुंपणानेच उतरवलं. डावीकडच्या.

१६ जानेवारी
बसता येत नाही. संकल्प: रोज आरशासमोर दहा मिनिटं. (उद्यापासून.)

२९ जानेवारी
आरसा भिंतीवर वाकडा लागलाय, म्हणून तो संकल्प स्थगित. क्लबच्या मालकांना लेखी तक्रार दिली: घोडीचा मागचा डावा पाय आखूड असावा. लेक म्हणाली, बाबा, प्लीज नको. ती चार वर्षं याच घोडीवर शिकतेय, तिला लळा लागणारच. मी तटस्थ माणूस.

४ फेब्रुवारी
मालकांनी बाईंना सांगितलं, शोमध्ये तांबडी सरळ चालली नाही तर विकून टाकू. बाई माझ्याशी बोलत नाहीत. लेकही नाही. मला फक्त दुसरी घोडी हवी होती हो! संध्याकाळी गाजर घेऊन तबेल्यात गेलो. तांबडीने मुकाट्याने खाल्लं. फार वाईट वाटलं.

२८ फेब्रुवारी
शो. डावीकडचे अकरा खांब पाडले. उजवीकडचा एकही नाही, हे कोणी बोललं नाही. मेव्हणा पहिल्या रांगेत होता. मालकांनी मला उतरवून त्याच घोडीवर लेकीला बसवलं. तांबडी सुतासारखी सरळ गेली. मालक आधी घोडीकडे बघत होते, मग माझ्याकडे. तांबडी राहिली. लेक तिच्या गळ्यात पडून रडली. मी मोजे नीट करत बसलो.

१ मार्च, दुकानात
बायकोने शोमध्ये माझा मागून काढलेला फोटो कॉम्प्युटरवर घेतला. वाकडा आलाय. तिचा हात सरावाचा नाही. दोन मिनिटांत फिरवून मला ओळंब्यात आणलं. झकास! मग नीट पाहिलं. खांब, कुंपण, खुर्चीतला मेव्हणा, सगळे उजवीकडे झुकलेले. आणि तांबडीचा डावा पाय असा बाहेर पडलाय, जसा आपण पडणाऱ्या माणसाला धरायला टाकतो. ती ओढत नव्हती. दोन महिने मला सावरत होती.
पुढच्या वेळी दोन गाजरं न्यायची. बाईंना सॉरी म्हणायचं. (बघू.)
मेव्हण्याला मात्र सरळ केलेलाच फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं: दाजी, तुम्ही एकदम ताठ. अंगणच वाकडं निघालं.