नॉरिस कोपरा सोडत नाही

शुक्रवार, ५ जून

पोहोचलो एकदाचे ब्लॅकपूलला! दिवसभर मोटारसायकल चालवून कंबर लाकूड झालीय. गेस्टहाउसच्या मालकीणबाई मिसेस एंटविसल यांनी आमच्या क्लबच्या आठही जणांना दारातच बूट काढायला लावले, आणि मग वासाने स्वतःच पस्तावल्या.

पण लिहायचंय ते वेगळंच. वाटेत पेट्रोल भरताना नॉरिस जवळ आला. म्हणाला, "माझ्या गॅरेजात दोन मोटारसायकलींची जागा आहे." मी म्हटलं, बरं. तर म्हणाला, "दुसरी तुझी असावी असं वाटतं, ग्लेनिस. तुझ्यासकट." चार वर्षांत या माणसाला सलग दोन वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं! सोमवारी घरी पोहोचण्याआधी सांगते, असं मी म्हणाले.

दुधाने तोंड पोळलंय माझं. माझा नवरा केनेथ गाडीवर कायम पुढे — आरशातसुद्धा कधी मागे बघितलं नाही. शेवटी असाच पुढे गेला, तो लीड्सच्या एका बाईकडे.

शनिवार, ६ जून

संध्याकाळी चिप्स खायला पायी निघालो. गावभर लग्नाआधीच्या पार्ट्या — गुलाबी पट्टे घातलेल्या पोरी, शिट्ट्या, एक नवरदेव नर्सच्या कपड्यांत दिव्याच्या खांबाला बांधलेला. आमचा म्होरक्या क्लिफर्ड म्हणाला, चुकामूक नको, गाड्यांवरचाच नियम पायी लावू. म्हणजे वळण आलं की म्होरक्याच्या मागचा माणूस तिथे थांबणार, बाकीच्यांना वाट दाखवणार, आणि सगळ्यात शेवटचा पुढे गेल्याशिवाय कोपरा सोडणार नाही. शेवटची मी. कित्येक वर्षं मीच.

आणि पहिल्याच कोपऱ्यावर नॉरिस! तिथून पुढे दोघांनीच चालायचं, म्हणजे तो विचारणार. मी गपचूप मागे फिरले. खोलीवरून क्लिफर्डला फोन केला — डोकं दुखतंय, नॉरिसला सांग. आणि पांघरूण ओढून घेतलं. भित्री!

रविवार, ७ जून

नाश्त्याला नॉरिस शिंकतोय. टकलावर चमकी, धुऊनही न गेलेली. क्लिफर्ड भडकलेला. "तू झोपलीस म्हणून फोनवर सांगितलं याला. तरी हे गाढव पावसात उभं! चिप्सचं दुकान बंद झालं तरी उभं!" नॉरिस बीन्स खात राहिला. मी टोस्टच्या आड.

दुपारी चिप्स घेऊन एकटीच समुद्रावर बसले, तर कालच्या पोरींचा घोळका आला. त्यातल्या नवरीने माझ्या जॅकेटवरचं आमच्या क्लबचं चिन्ह ओळखलं.

"त्या आजोबांच्यातल्या का तुम्ही? त्यांची ती शेवटची कोण हो?"

मी म्हटलं, का?

"आम्ही किती सांगितलं, आजोबा, ती नाही यायची, चला आमच्याबरोबर नाचायला. तर म्हणे, ती पुढे गेलेली मी पाहिली नाही, मग हलायचं कसं? शेवटी माझा मुकुट घातला त्यांच्या डोक्यावर आणि थांबलो सोबतीला. काय बोलतात हो! सगळं त्या बाईबद्दलच."

नॉरिस? बोलतो?

तेवढ्यात एका सीगल पक्ष्याने माझ्या हातातली चिप्सची पुडी पळवली. मला रडूच फुटलं. पोरीने घाबरून नव्या चिप्स आणून दिल्या. चिप्ससाठीच रडतेय, असं भासवून खाल्ल्या.

सोमवार, ८ जून

परतीच्या पहिल्याच वळणावर नॉरिस उभा होता, शिंकत. मी पुढे गेलेच नाही. त्याच्या शेजारी गाडी लावली, इंजिन बंद केलं.

"गॅरेजची दुसरी किल्ली आहे?"

त्याने ती खिशातून काढली. सोबतच आणली होती, लबाडाने.

पुढे क्लिफर्ड आणि मंडळी आमच्यासाठी तासभर खोळंबली. खोळंबू देत.