हरणाची समाधी

३१ डिसेंबर, मंगळवार

काल येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आम्ही केली, आज हरणांनी केली! आम्ही रानात पांडव पुजून, आंबिल-भज्जी खाऊन घरी आलो आणि पहाटे कळपानं येऊन ओढ्याकडच्या बाजूचा हरभरा शेंड्यापासून खाल्ला. मी गेलो तेव्हा बांधावर उभे होते. तेवीस. एक काळा नर, बाकी माद्या आणि पिल्लं. माझ्याकडं असे बघत होते की जणू मीच त्यांच्या रानात शिरलोय.

हाकललं. शंभर पावलं गेले आणि पुन्हा वळून उभे.

३ जानेवारी, शुक्रवार

बायकोच्या जुन्या साड्या काठ्यांना बांधल्या होत्या. दोन दिवस भ्याले. आज एक मादी साडीच्या काठीला मान घासत होती. घरी येऊन सांगितलं तर जगदेवी म्हणते, "एकवीस वर्षं झाली, ती साडी बघून तुम्ही भ्याला न्हाईत. ती काय भितील?"

पत्र्याचा डबा वाजवून वाजवून हात दुखतो. झोप पुरत नाही. पूजा मात्र चुकवलेली नाही. गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पुजल्याशिवाय पाणीसुद्धा नाही, हा एक नेम वडलांपासून चालत आलाय, तेवढाच काय तो माझ्याकडून नीट झाला.

५ जानेवारी, रविवार

माळ्यावरून वडलांची गोफण काढली. उंदरानं एक दोर कुरतडलाय, नवा वळला. मंजू मागं लागली — "अण्णा, मला शिकवा!" आमची बारा वर्षांची पोर, सातवीत आहे. बरं म्हटलं. माझ्या उजव्या खांद्यात आता दम नाही, दगड बांधाच्या पुढं जात नाही. हिला आलं तर मला जरा आधार.

पहिलं ढेकूळ तिच्या मागंच गेलं, माझ्या कानाजवळून. दुसरं सुटलं तेच डोक्यावर फुटून केसात माती. हसलो. लई दिवसांनी हसलो असेन.

तिला बजावलं — मारायचं नाही, भिववायचं. आपण कुणाचा जीव घेत नसतो. पण ढेकळानं काही होणार नाही, हवेतच फुटतंय. दगडच पाहिजे. जवळ आपटला तर पळतील.

६ जानेवारी, सोमवार

ओढ्यातून गोल गुळगुळीत दगड वेचून आणले आणि तिला एक पिशवी भरून दिली. तोंड सुतळीनं बांधलं, वडलांच्या गाठीनं. ही गाठ कुणालाही सुटते, पण पुन्हा तशी बांधायला या घरात माझ्याशिवाय कुणाला येत नाही. पिशवी लिंबाच्या फांदीला अडकवली, तिच्या हाताला येईल अशी.

"दगड लागंल की अण्णा," म्हणाली.

"लागू दे जरा. त्याच्याबिगर ऐकत न्हाईत."

माझा खांदा ठणकतोय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ खाऊनसुद्धा हरणांशी गोड बोलणं जमत नाही.

मंजू हाताशी आल्यापासून जरा बरं आहे. पहाटे सहा ते नऊ ती लिंबाखाली, मी विहिरीच्या बाजूला, माझ्यासाठी वळलेली दुसरी गोफण घेऊन. मग ती शाळेला. तिचा हात चांगला फिरतो. कळपाच्या पुढ्यात धूळ उडते आणि सगळे एकदम उधळतात. शिकारीच झालीस म्हटलं तर लाजली.

मठात स्वामींशी बोलून आलो. शिवरात्रीला तिची दीक्षा, तिच्याही गळ्यात लिंग येईल. जगदेवीनं पांढरी साडी आणून ठेवलीय. पोर माझ्याशेजारी बसून पूजा आत्ताच करायला लागलीय, माझ्यापेक्षा जास्त वेळ डोळे मिटून. लिहायला संकोच वाटतो, पण फार बरं वाटतं तिच्याकडं बघून.

१९ जानेवारी, रविवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी साडेसातला कळप आला. धुकं होतं. दोघांनी एकदमच गोफण फिरवली. सगळे उधळले — एक मादी उडी मारता मारता खाली पडली. मी ओरडलो, "लागला! मंजे, तुझा लागला! शाब्बास!" खोटं कशाला लिहू, आनंद झाला. तीन आठवडे ज्यांनी छळलं त्यातली एक पडली म्हणून झाला, आणि पोरीचा नेम बघून झाला. नाचलोच म्हणायचं.

"माझा?" ती म्हणाली.

"तुझाच! माझा तिथवर जातो का!"

आम्हाला वाटलं उठेल. जवळ गेलो. कानाच्या वर लागलं होतं. पाय दोनतीनदा हलले, नाकाशी फुरफुर झाली आणि थांबली. डोळा उघडाच. मंजूनं तिच्या तोंडाला पाणी लावलं, ते तसंच बाजूनं गळून गेलं.

मी खाली बसलो. गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि रडलो. पोरीसमोर. म्हणालो, "माझ्या हातून झालं असतं तर हे लिंग मी उद्या गळ्यात ठेवलं नसतं. नदीला सोडलं असतं." ती उभी होती. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा हरणाकडं. मग म्हणाली, "आता हिला काय करायचं?"

काय करायचं? आमच्या घरात मेलेली कोंबडी कुणी उचललेली नाही. ओढ्यात टाकायची तर कुत्री ओढतील. कुणाला सांगायचं तर हरणाचा कायदा केवढा कडक, ते सगळ्यांना माहीत. मला माती द्यायची एकच रीत येते, आमची. लिंबाखाली कमरेएवढा खड्डा घेतला. मंजूला घरी पिटाळलं — मीठ, विभूती, बेल. जगदेवीनं विचारलं म्हणे, मीठ कशाला? "बैलाला," म्हणाली.

पाय दुमडून बसवलं. मान पडत होती, मातीचा टेकू दिला. मंजूनं कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि तोंडाशी बेलाचं पान ठेवलं. मग मीठ, मग माती. वर उंचवटा केला, दगड ठेवला. शाळेला रविवार होता ते बरं.

२० जानेवारी, सोमवार

हरणं आज आली नाहीत. पोर जेवली नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

मठात जाऊन आलो. स्वामींना म्हटलं, दीक्षा पुढच्या वर्षी बघू. का ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. अजाण पोर खरी, पण तिच्या हातून जीव गेलाय. त्याच हातावर महिन्याभरात लिंग कसं द्यायचं? मनाला पटेना.

मंजूला सांगितलं. "बरं अण्णा," एवढंच. पांढरी साडी तिनंच घडी करून ट्रंकेत ठेवली. जगदेवी माझ्याशी भांडली — "पोरीनं काय पाप केलंय? सांगा तरी!" मी गप्प. मंजूही गप्प.

२५ जानेवारी, शनिवार

भोगा आता! शेजारचा शेषेराव बांधावरून जाताना थांबला. "महादेवप्पा, कुणाला माती दिली रानात? आम्हाला कळवलं पण न्हाई!" मी म्हटलं कुणाला नाही. "मग ही समाधी कुणाची? वर बेल हाय, ताजा हाय."

ताजा असणारच. मंजू रोज शाळेआधी एक पान ठेवून येते, मला न सांगता.

दुसरा कुणी असता तर हरीण ओढ्यात ढकललं असतं आणि चार दिवसांत विषय संपला असता. आम्ही शहाण्यांनी रीतसर समाधी बांधली, भर रानात, रस्त्याकडेला. याला म्हणतात आ बैल मुझे मार.

२८ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी दोन म्हाताऱ्या घरी आल्या, पदर तोंडाला लावून. जगदेवीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. तीही आधी रडली, मग विचारलं, "पर मेलं कोण?" त्या म्हणाल्या, "ते तुम्हीच सांगा की बाई."

रात्री बायकोला सगळं सांगावं लागलं. मंजूच्या दगडानं हरीण गेलं म्हणालो. ऐकून ती पोरीला पोटाशी धरून बसली. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वनरक्षक मॅडम आल्या. बरोबर पोलीस पाटील, मागं अर्धं गाव. माणूस पुरलाय असंच सगळ्यांच्या डोक्यात. पाटलांना मी कालच सांगून टाकलं होतं, माणूस नाही, हरीण आहे, म्हणून त्यांनी वनखात्याला कळवलं. तरी उकरावं लागलं.

वरची माती निघाली, मीठ निघालं. बसवलेलं हरीण, कपाळाच्या जागी विभूती, बेलाचं काळं पडलेलं पान. मॅडम बराच वेळ नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सोळा वर्षं नोकरी झाली काका, असं कधी बघितलं न्हाई."

मग विचारलं, "कुणाच्या हातून झालं?"

मी तोंड उघडायच्या आत मंजू पुढं झाली. "माझ्या. गोफणीनं." आवाज कापला नाही की काही नाही. खरं तेच बोलत होती. पण माझी मान खाली गेली. बापानं शिकवलं, बापानं दगड दिले, आणि पोर एकटी पुढं उभी.

मॅडम वाईट वागल्या नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण कागद तो कागद. सतरा तारखेला, सोमवारी, तिला घेऊन ऑफिसला जबाबासाठी यायचं. लहान आहे, समजून घेतील म्हणाल्या. पण नाव लिहावंच लागंल.

१० फेब्रुवारी, सोमवार

शाळेत पोरं तिला काहीबाही बोलतात. ती सांगत नाही. शेषेरावाच्या नातीकडून जगदेवीला कळलं. पूजेला माझ्याशेजारी बसत नाही आता, दारातून बघते. बोलावलं तर म्हणाली, "न्हाई अण्णा, तुम्ही करा. मी हितनंच बघते."

खांदा, झोप, हरणं — सगळ्याचा कंटाळा आलाय. हरभरा काढायला आला. खा म्हणावं राहिलेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

हरभरा उपटून झाला. रानातलं सामान गोळा करत होतो — डबा, काठ्या, साड्यांच्या चिंध्या. लिंबाच्या फांदीला मंजूची पिशवी तशीच लटकत होती. काढायला गेलो. जड लागली.

गाठ माझी. वडलांची गाठ. सहा जानेवारीला बांधली ती, एकदाही सुटलेली नाही. सुतळीवर धूळ बसलेली, गाठीच्या पेचात कोळ्यानं जाळं केलेलं.

तिथंच बसलो. आत्ता सगळं ध्यानात येतंय. कळपाच्या पुढ्यात उडायची ती धूळ — दगडानं कुठं एवढी धूळ उडते? ढेकळं फुटत होती. पोरीनं इतक्या दिवसांत एक दगड हातात घेतला नाही. त्या दिवशी दगड सुटला तो एकच, माझ्या गोफणीतून. ह्या मेल्या खांद्यानं नेमका त्याच दिवशी जोर धरला.

आणि मी तिला शाब्बास म्हणालो. मी तिची दीक्षा मोडली!

घरी आलो. ती चुलीपुढं होती. पिशवी समोर ठेवली. तिनं बघितलं आणि परत भाकरीकडं वळली.

"दगड का न्हाई मारलेस?"

"लागलं असतं की."

"मग त्याच दिवशी सांगायचं न्हाई?"

बराच वेळ भाकरी थापत राहिली. "तुम्ही म्हणालात, लिंग सोडीन म्हणून. तुम्ही पूजा केल्याबिगर पाणी पीत न्हाईत. मग कसं झालं असतं?"

माझ्यासाठी पोर खुनी झाली. गावापुढं, शाळेपुढं, आईपुढं. माझ्या पाण्याच्या एका घोटासाठी. मी कसला धार्मिक!

१७ फेब्रुवारी, सोमवार

एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय. एकटाच निघालोय, जबाब माझा. पहाटे गळ्यातलं लिंग उतरवायला हात घातला तर मंजूनं मनगट धरलं. "मग मी इतके दिवस उगंच गप बसले का?"

गळ्यातच आहे. स्वामींना निरोप धाडलाय — शिवरात्रीला येतोय, पोरीला घेऊन.

जगदेवीनं ट्रंकेतून साडी काढून उन्हात टाकलीय.