नाकासाठी झिंक

११ जानेवारी

आज चौदावा दिवस. सर्दी गेली, खोकला गेला, वास काही परत आला नाही! सकाळी नवऱ्याने दुधाचं पातेलं नाकाशी धरलं — "नासलंय का गं? तूच सांग." मी वास घेतल्यासारखं केलं. म्हटलं, "चांगलं आहे." लेकीने एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावली. दोघं हसले. "घरातलं नाक आज झोपलं वाटतं!" मीही हसले. 

चहाची चव सांगते म्हणून मला पगार मिळतो. नऊ वर्षं झाली. जिभेला गोड-कडू कळतंय अजून, पण चहा काय नुसता जिभेवर असतो? तो सगळा नाकात असतो.

१३ जानेवारी

कामावर सांगितलेलं नाही. सांगायचं कोणाला? चाखायच्या खोलीत आम्ही दोघंच — मी आणि वस्ताद. एकतीस वर्षं चहा चाखलेला माणूस, सगळी कंपनी त्यांना वस्तादच म्हणते. ओळीने चोवीस वाट्या. पुढे ते, मागे मी. सुर्रकन घोट घ्यायचा, घोळवायचा, पिकदाणीत टाकायचा, कागदावर दहापैकी गुण लिहायचे. मग वाचून दाखवायचे. नियम असा की आधी धाकट्याने वाचायचं, म्हणजे मोठ्याचं ऐकून तो आपले गुण फिरवणार नाही. दोघांत एकाहून जास्त फरक पडला तर वाटी परत चाखायची.

आज चोवीसच्या चोवीस वाट्यांत मला कडवट गरम पाणी लागलं. मग मी वस्तादांचा चेहरा चाखला! घोट आवडला की त्यांची भुवई जरा वर जाते. पानांचा रंग बघितला, पाण्याचा रंग बघितला, भुवई बघितली आणि दिले ठोकून गुण. जुळले! एप्रन घामाने भिजला होता.

१४ जानेवारी

नणंदेचा फोन. तिला सांगितलं — तेवढीच एक. "अगं झिंक घे! माझ्या ऑफिसातल्या एकीचा वास आठ दिवसांत परत आला." लगेच आणलं. पन्नास मिलिग्रॅमची गोळी. औषधवाला म्हणाला, "ताई, रिकाम्या पोटी नका घेऊ, मळमळेल. आणि जास्त दिवस घ्यायचं तर डॉक्टरांना विचारा." हो हो म्हटलं.

डॉक्टरांना विचारलं तर चिठ्ठी लिहून देतील. चिठ्ठी कंपनीच्या डॉक्टरांकडे जाणार, तिथून वर. नको.

१५ जानेवारी

रिकाम्या पोटी घेतली. उलटी झाली. औषधवाल्याचं ऐकायला काय होतं?

६ फेब्रुवारी

आला! साबणाचा वास आला! क्षणभर, आंघोळ करताना. ओला टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले आणि नवऱ्याला मिठी मारली. तो बिचारा गोंधळला. "काय झालं?" — "काही नाही, तू छान दिसतोस." त्यावर तो आणखी गोंधळला.

झिंक लागू पडलं म्हणायचं! एका गोळीने साबण आला, तर दोन गोळ्यांनी चहा यायला हरकत नाही. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ.

७ फेब्रुवारी

साबणाला वास नाही. नवा आणला. त्यालाही नाही.

२ मार्च

वस्ताद म्हणाले, "हल्ली आपले गुण फार जुळतात. तयार झालीस तू." मान खाली घालून वाट्या धुतल्या. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

१८ मार्च

नणंदेने चघळायच्या गोळ्या पाठवल्या, झिंकच्याच. "सर्दीवरच्या आहेत, पण घे, काय बिघडतंय?" दिवसाला तीन. शिवाय लेकीने ताकदीच्या गोळ्या आणून दिल्यात — "आई, किती पांढरी पडलीयेस!" त्यावरही बारीक अक्षरात झिंक लिहिलंय. बरंच आहे की! जीवनसत्त्वासारखंच ते, जास्त झालं तर जाईल लघवीवाटे.

घरी मला फुलांचा, घामाचा, जळक्या पोळीचा, कशाचाही वास नाही. आज गॅसवर पातेलं करपून काळं झालं आणि मी शेजारी उभी राहून भाजी चिरत होते! लेकीने ओरडून बंद केला. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला कळलंय का? विचारायचा धीर होत नाही.

९ एप्रिल

जिना चढताना धाप लागते. एकाच मजल्यात! वय झालं म्हणावं तर बेचाळीस काही वय नव्हे.

४ मे

विचित्र झालं. बाजारातून घरी आले तर डाव्या पायात चप्पलच नाही. कुठे निसटली कळलंच नाही! तशीच चालत आले असणार, तळव्याला माती लागलेली. नवरा म्हणाला, "तुझं लक्ष कुठे असतं?" लक्ष होतं रे. पायाला कळलं नाही, त्याला मी काय करू?

५ मे

तळव्यांना मुंग्या. दोन्ही. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, भिंत धरावी लागते.

२७ मे

झिंक सोडावंसं वाटतं, पण भीती वाटते. सोडलं आणि उद्याच वास येणार असेल तर? साडेचार महिने घेतलंय, आणि नेमका येणारा दिवस हुकला तर? हा कसला विचार, मलाही कळतंय. तरी दोन्ही गोळ्या घेतल्या.

वाईट स्वप्न एकच आहे — वस्ताद रजेवर जातात आणि खोलीत मी एकटी, समोर चोवीस वाट्या.

११ जून

पडले. चाखायच्या खोलीत, ट्रे हातात असताना. बारा वाट्या फुटल्या. पाय उचलला गेलाच नाही, जणू माझा नव्हताच. हाताला चार टाके. वस्तादांनीच रिक्षा केली, दवाखान्यात आणलं, माझ्या शेजारी बसून राहिले. "आपण बाहेर थांबता का?" असं डॉक्टरबाईंनी त्यांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं!

बाईंनी पायाला पिन टोचून बघितली. मी म्हटलं, "टोचा ना." त्या म्हणाल्या, "टोचलीच आहे." मग विचारलं, काय काय औषधं घेता? पर्स उपडी केली. तिन्ही बाटल्या ओळीने मांडून त्यांनी कागदावर बेरीज केली. पन्नास, पन्नास, पंधरा, वर चघळायच्या तीस. "एकशे पंचेचाळीस! अहो, बाईमाणसाला दिवसाला आठ पुरतं, तेही जेवणातून मिळतं. चाळीसच्या वर रोज घेऊ नये. किती दिवस घेताय?"

"पाच महिने."

"वाईट औषध नाही हे. जुलाब झालेल्या पोरांना आम्हीच देतो, दहा-चौदा दिवस. ज्याच्या अंगात कमी आहे त्याला द्यावं. तुमच्या अंगात कमी होतं का? तपासलं होतं?"

नव्हतं तपासलं. कशासाठी घेत होतात, त्यांनी विचारलं. मी वस्तादांकडे बघितलं. ते माझ्या चपलांकडे बघत होते. खोटं बोलायला काहीतरी सुचायला हवं होतं, पण थकले होते मी! सांगून टाकलं. वास येत नाही. सर्दी झाल्यापासून. एक दिवसही नाही. रडू फुटलं.  वस्तादांनी घरी सोडलं, आणि नमस्कारही न करता गेले.

संपलं सगळं.

१५ जून

रक्ताचा रिपोर्ट. अंगातलं तांबं जवळजवळ संपलंय. झिंक फार झालं की ते तांब्याला अंगात शिरू देत नाही, बाई म्हणाल्या. त्यातूनच रक्त कमी, धाप, पायाच्या नसा. झिंक आजपासून बंद, तांबं सुरू. "रक्त लवकर सुधारेल. नसांना वेळ लागतो. पाय पूर्ण पहिल्यासारखे होतील असं मी लिहून देणार नाही." आणि वास? "वासाला झिंकने गुण येतोच असं काही नाही. कधी आपोआप येतो. थोडाफार येण्यासाठी रोज ठरावीक वास हुंगण्याचा सराव असतो, तो करा."

साध्या पाच महिन्यांच्या भीतीपायी मी पाय घालवून बसले. कुणाला दोष देऊ? औषधवाल्याने सांगितलं होतं. बाटलीवर लिहिलं होतं. मी चहात पाव ग्रॅमचा फरक ओळखणारी बाई!

घरी सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "मला माहीत होतं. पातेलं जळलं तेव्हापासून." मग ती माझ्या पायांना तेल लावत बसली. ते मला कळत नव्हतं, तिला सांगितलं नाही.

२२ जून

उद्या कामावर. काठी घेऊन. आधी वस्तादांची माफी मागायची, मग वर जाऊन राजीनामा द्यायचा. पाच महिने त्यांच्या जिभेवर जगले. एवढ्या मोठ्या माणसाला फसवलं.

२३ जून

वस्तादांनी दार लावून घेतलं. माफी मागू दिली नाही. खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, परत पुसला. मग म्हणाले — "तीन वर्षं झाली गं. मला कसलीच चव लागत नाही. तू आधी गुण वाचायचीस, मी अर्धा इकडे-तिकडे करून वाचायचो."

म्हणजे जानेवारीपासून त्या खोलीत चहा कोणी चाखतच नव्हतं!