ढोलकीची थाप आणि एक शिट्टी

शनिवार, संध्याकाळ. लोहारा.

आज हसून हसून पोट दुखलं. उद्या महागावला एका लग्नात ताईचं गाणं आहे, आणि साथीला कोणता कीबोर्ड न्यायचा यावरून भाऊजी आणि मी सकाळपासून भांडत होतो. त्यांच्या नव्या वर्कस्टेशन कीबोर्डमधली ढोलकी खरंच भारी. शेजारी बसून कोणी थाप मारतंय असं वाटतं. माझ्या जुन्या अरेंजर कीबोर्डमध्ये ठेके तयार मिळतात, पण थाप पत्र्याच्या डब्यासारखी. हे कबूल करायला मला इतकं जड का जात होतं?

शेवटी ताईलाच दोन्हींवर गायला लावलं. ती म्हणाली, "यांची ढोलकी गोड हाय, बापू. पण मी श्वास घ्याले थांबली का तुहा ठेका मले सांभाळून घेते."

मग दोन्ही कीबोर्ड वायरने जोडले. ठेका माझा, आवाज त्यांचा. ताईनं सूर लावला आणि थापेच्या जागी चक्क शिट्ट्या! दोन्हींमध्ये आवाजांच्या जागाच वेगळ्या; माझ्यात ज्या पट्टीवर थाप, त्यांच्यात तिथे शिट्टी. भाऊजी खुर्चीवरून पडायचे राहिले.

एकेक जागा जुळवली. काय थाप आली! कडव्याच्या शेवटची एक शिट्टी तेवढी उरली, ती काढायला गेलो तर ताई ओरडली, "काहून काढून राह्यला? राहू दे, वऱ्हाडी नाचतीन!"

राहू दिली. आणि भाऊजी आत्ता अंगणात त्या शिट्टीवर नाचून बघताहेत.