साटं नाही, सोयरीक

इंझोरी, माघ शु. ७, शके १८५२

चि. कस्तुरास जगदेवदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मामाकडे मालेगावला तू मजेत असशील. इथे मी पेटलेला आहे. काल आबांबरोबर शेलूबाजारला गेलो, प्रयागला मागणी घालायला. जिच्यापायी अमरावतीचं कालेज अर्ध्यावर सोडलं, तिच्याच अंगणात सुपारी फुटायच्या वेळी तिचे वडील उत्तमरावकाका म्हणाले की साटं करू. आमची प्रयाग तुमाले, तुमची कस्तुरा तिच्या भावाले, पंजाबले. आबांनी मान डोलावली!

मी उठलोच. भर बैठकीत सांगितलं की ज्वारी देऊन मीठ घेतात त्याला साटं म्हणतात. आम्ही सावडीत बैल देतो-घेतो, बहीण नाही. नारळ तिथेच ठेवून निघालो. दाराआड बांगड्या वाजल्या, त्या अजून कानात आहेत. पण मान ताठ आहे, बाई.

या तापट भावावर जीव असू दे.
जगदेव

मालेगाव, माघ शु. १२

ती. दादास कस्तुराचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. बहिणीसाठी भर बैठकीतून उठणारा भाऊ किती जणींना आहे? तिसऱ्यांदा काढलं तशी मामी म्हणाली, पुरे व माय, भाकर जळून राह्यली.

तू बाजारातलं साटं सांगितलंस. घरातलं भुरीआत्याला विचार. तिची नणंद आपल्या काकांना दिलेली. काकांशी भांडून काकू माहेरी गेली, आणि लगेच आत्यालाही इकडे आणून सोडलं. नवऱ्याशी तिचं शब्दानंही वाकडं नव्हतं. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, एकीच्या संसाराचं जू दुसरीच्या मानेवर. मोडलंस ते बरं केलंस.

पण दादा, आबांनी मला न विचारता हो म्हटलं, तू न विचारता नाही म्हटलंस. पंजाबराव मला वाईट वाटत नाहीत. हसू नकोस. परत जा. प्रयागवहिनीचं लग्न वेगळं होऊ दे, कशाच्या बदल्यात नको. दिवाळीनंतर पंजाबरावांना वाटलं तर त्यांनी मला विचारावं, मी सांगेन. मी नाही म्हटलं तरी वहिनीला कोणी माहेरी न्यायचं नाही. हे कबूल असेल तरच सोयरीक.

रागावर पाणी टाक, मायेवर नको.
तुझी कस्तुरा

इंझोरी, माघ व. ४

चि. कस्तुरास अनेक आशीर्वाद.

गेलो. रागाची माफी मागितली, नकाराची नाही. तुझी अट जशीच्या तशी सांगितली. काका म्हणाले की पोरीनं कायले अटी घालाव्या. तेवढ्यात दाराआडून प्रयाग आईला म्हणाली, पण सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशी, की कस्तुराची अट तीच माझी. नाही तर मी हाये इथंच. दार मधे होतं म्हणून बरं, नाही तर तिथेच तिचा हात धरला असता! पंजाबरावानं माझाच नारळ कोनाड्यातून काढून माझ्या हाती दिला. काका पानाला चुना लावत म्हणाले, फोड बापू.

फाल्गुनात लग्न. करवली तू. आबा गावभर सांगत फिरतात की माझ्या पोरीनं शेलूबाजारची बैठक गप्प केली. मान डोलावल्याचं मात्र विसरले.

निघताना पंजाबरावानं गाडीपाशी गाठलं आणि हळूच विचारलं की कस्तुराच्या मनात काय आहे. तुझं पत्र खिशातच होतं. ओठावर आलेलं गिळलं आणि म्हटलं की मले कायले विचारतं गड्या, तिलेच विचार.

आता तरी शहाणा म्हण.
तुझा दादा