पॅसेजमधलं वळण

४ नोव्हेंबर
रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमधले आमचे जुने शेजारी, काका-काकू, परवा नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले. ऑफिस सुटल्यावर तशीच गेले. दारातच काकू म्हणाल्या, "अगं, यांची व्हीलचेअर पॅसेजमध्ये वळूनच नाही राहिली. बाथरूमपर्यंत जाते, मग उलटी ओढावी लागते."
चहा कसाबसा संपवला.

५ नोव्हेंबर
ऑफिसात मन लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी दोघं इथेच, बिल्डरच्या या नेपियर टाउनच्या ऑफिसात, माझ्या टेबलापाशी बसले होते. त्यांच्या फ्लॅटची बिल्डिंग अजून उभी व्हायची होती. दाखवायला फक्त मी कॉम्प्युटरवर केलेलं फ्लॅटचं थ्रीडी मॉडेल. काकूंनी एकच विचारलं, "खुर्ची वळेल ना गं?"
मी अतिशहाणी. मॉडेलमधला कॅमेरा, म्हणजे स्क्रीनवर बघणाऱ्याची नजर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतका खाली आणला, पॅसेजमध्ये नेला, माउसने गर्रकन फिरवला. "बघा काकू, वळली!"
कॅमेऱ्याला ना चाकं, ना पाय ठेवायच्या पट्ट्या. नुसता ठिपका. कुठेही फिरतो, भिंतीतूनही जातो. रोजचं काम आहे माझं, मला माहीत नव्हतं?

६ नोव्हेंबर
आणि काकांनी विचारलंही होतं. लकव्यानंतर शब्द जड येतात. "मा...प?" मी हसून म्हटलं, "काका, यात सगळं मापातच असतं."
फॅक्टरीत जन्मभर ड्रॉइंग काढलेला माणूस. मला स्केल धरायला त्यांनीच शिकवलं. आणि त्यांनाच मी...

८ नोव्हेंबर
जुनी फाइल उघडली. मापाची खुर्ची बनवून आत ठेवली, भिंतीतून आरपार जाणं बंद केलं. फिरवली. अडकली. पाच मिनिटांचं काम. तेव्हाही पाचच मिनिटं लागली असती.
साइट इंजिनिअरला फोन केला, पॅसेजची भिंत पाडता येईल का. "दीदी, उस दीवार में कॉलम है. नहीं टूटेगी." दुसऱ्या कोणाला तरी विचारायला हवं.

९ नोव्हेंबर
जाऊन सांगून टाकलं, की तेव्हा खुर्चीचं माप घालून बघितलंच नव्हतं. काकू मेथी निवडत होत्या.
"म्हणजे तुला माहीतच नव्हतं? मग हो काहून म्हटलंस?"
काकूंना खूश बघायचं होतं, बस. लाज वाटली.
"आम्ही तर तुझ्याच भरवशावर..." एवढंच म्हणून पुन्हा मेथी निवडायला लागल्या. काका खिडकीकडे बघत होते.

१२ नोव्हेंबर
काकांनी लॅपटॉप घेऊन बोलावलं. मी खुर्चीवाली नवी फाइल उघडली. काकांनी नकाराची मान हलवली. त्यांना जुनीच हवी होती.
डाव्या हातात माउस धरला. स्क्रीनवरच्या पॅसेजमध्ये गेले, सावकाश पूर्ण वळले. परत गेले, परत वळले.
आतून काकू, "काय बघून राहिले हो?"
काका तिसऱ्यांदा वळून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "सो...पं."
रागाने म्हणाले की कसं, ओळखता आलं नाही. मग त्यांना बाथरूमला जायचं होतं. मी उठले, तर काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "राहू दे. मी ओढते."
लॅपटॉप तिथेच ठेवून आले. उद्या ऑफिसला लागेल. आणायला जायची हिंमत होत नाही.