चौदाव्या मजल्यावरचं ऑर्किड

वाकड,
६ एप्रिल २०२५

ती. आण्णांस,
मिनलचा सादर जय भीम.

तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण ती तुम्ही कधी सांगत नाही. ऐकू येत नाही म्हणून फोन उचलत नाही, अक्षरं बारीक म्हणून मेसेज वाचत नाही. मग दिवसभर लॅपटॉप बडवणाऱ्या तुमच्या लेकीनं वहीचा कागद फाडून लिहायचं आणि तुमच्या जावयांनी, नागसेननी, कामावर येताना तो डब्याच्या पिशवीतून चाकणला आणायचा. चालू द्या.

आज लिहायचं कारण तुमचं ते ऑर्किड. जानेवारीत सालीच्या फळीवर शेवाळासकट बांधून दिलंत, तेव्हा हरभऱ्याएवढे सात कंद होते, प्रत्येकाला एकेक पान. फळीवर सरपटत पुढं जाईल म्हणालात. आण्णा, ते सरपटत नाही. दोन कंद पिवळे पडून मऊ झालेत. मी रोज सकाळी सात वाजता न चुकता फवारते, एसीच्या गारव्यात ठेवते, अजून काय करू?

तुम्ही घातलेली अट मी विसरलेली नाही. दिवाळीपर्यंत हे माझ्याकडं जगलं तरच तुम्ही चाकणची खोली सोडून आमच्याकडं चौदाव्या मजल्यावर राहायला येणार. अशी अट जगात दुसऱ्या कुठल्या बापानं घातली नसेल. त्या दिवशी रस्त्यात मागून येणाऱ्या कंटेनर ट्रकचा हॉर्न तुम्हाला ऐकू आला नाही, तेव्हापासून तुम्हाला तिथं एकटं ठेवायची भीती वाटते, आणि तुम्ही माझी झाडावरून परीक्षा घेता! तुमच्या खिडकीतल्या मूळ झाडाचा एक फोटो नागसेनना काढू द्या, म्हणजे ते कसं दिसायला हवं ते तरी कळेल.

रागावले असले तरी माया तेवढीच आहे.
तुमची,
मिनल

*

चाकण,
९ एप्रिल २०२५

चि. मिनलला,
आण्णांचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाई केसरबाईंना जय भीम सांग.

पत्र वाचून डोकं फिरलं. झाडासोबत मी लिहून दिलेला कागद तू फ्रिजला चिकटवलास, वाचला मात्र नाहीस. रोज पाणी घाल असं त्यात कुठं आहे? सकाळी शेवाळाला बोट लावायचं. ओलं लागलं तर हात मागं घ्यायचा, कोरडं लागलं तरच फवारायचं. मुळं पांढरट झाली म्हणजे ते तहानलंय, हिरवी आहेत तोवर त्याचं पोट भरलेलं आहे. त्याला हवा दमट लागते, अंगावर साचलेलं पाणी नाही. फळीखाली एका पसरट ताटात खडे टाकून पाणी ठेव आणि ते फळीला टेकू देऊ नकोस. एसीसमोरून आधी ते उचल. तिथं माणसाचे ओठ फुटतात, त्याचं काय होत असेल?

टँकरचं पाणी तर बिलकुल नको. तुमच्या बादलीला जे पांढरे डाग पडतात, तेच त्याच्या मुळांवर बसतात. एसीच्या नळीतून गळणारं पाणी स्वच्छ बाटलीत धर आणि तेच वापर.

आणि एक गोष्ट मला पटत नाही. रोजच्या एका फवाऱ्यानं कंद इतक्या लवकर कुजत नाही. घरात नीट चौकशी कर. फोटोचं म्हणशील तर माझ्या झाडाची पंचाईत तुला नको, तू तुझं बघ.

जेवणाची आबाळ करू नकोस. बोललो ते मनाला लावून घेऊ नकोस, पण झाडाला लावून बघ.
तुझे,
आण्णा

*

वाकड,
२७ एप्रिल २०२५

ती. आण्णांस,
जय भीम.

चौकशी केली. ऐका आणि हसू नका. सकाळी सातला मी फवारत होते. रात्रपाळी करून आलेले तुमचे जावई आठ वाजता, मी ऑफिसच्या कॉलवर असताना, फवारत होते. दुपारी झोपून उठल्यावर सासूबाई वाटीनं पाणी घालत होत्या, वर टँकरचं! कुणी कुणाला बोललं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे दोघं विसरतील आणि तुमचं येणं राहून जाईल. सासूबाई तर काल माझ्यासमोर रडल्या. त्यांच्यावर ओरडले त्याची आता लाज वाटते.

झाड गेलं. सातही कंद काळे पडले, फळीला वास सुटला. पिंपरीच्या नर्सरीतून तसलंच आणून बांधू, आण्णांना काय कळणार, असं नागसेन म्हणाले. मी नाही म्हटलं. तुम्हाला लगेच कळलं असतं, आणि खोटं सांगून मला तुम्हाला घरी आणायचं नव्हतं.

मी नापास झाले. तुमच्या झाडाचा एखादा तुकडा देणार असाल तर पुन्हा प्रयत्न करीन. पण खरं सांगू? वैताग आला आहे मला या अटीचा. मला झाड नको आहे, तुम्ही हवे आहात. ते सरळ मागता येत नाही म्हणून तीन महिने शेवाळावर पाणी फवारत बसले.

उत्तर नाही पाठवलंत तरी तुमचीच,
मिनल

*

चाकण,
३० एप्रिल २०२५

चि. मिनलला,
अनेक आशीर्वाद.

बत्तीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर काढली. पुढच्या शिफ्टच्या माणसाला चार्ज दिल्याशिवाय कुणी मशीन सोडत नसे. आणि तुमच्या घरात तीन शिकलेली माणसं एका वीतभर झाडाला गुपचूप बुडवतात! केसरबाईंना सांग, मी रागावलेलो नाही. राग तुम्हा दोघांवर आहे.

तुकडा देता येत नाही. माझं झाड मार्चमध्येच गेलं. जावईबापू पंधरा दिवस ट्रेनिंगला बाहेर होते, तेव्हा मला ताप भरला. चार दिवस उठता आलं नाही, उशाजवळच्या बाटलीतल्या घोटाघोटावर काढले. झाड समोर खिडकीत भर उन्हात होतं, त्याची मुळं पांढरी पडताना दिसत होती. पाण्याचा माठ दाराशी, तिथवर मला जाता येत नव्हतं. कुणी दार वाजवलंही असेल, मला कसं कळणार? पाचव्या दिवशी भिंतीला धरून उठलो आणि पहिला तांब्या मीच प्यायलो. झाडाला घालेपर्यंत उशीर झाला होता. हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू त्याच संध्याकाळी मला उचलून नेलं असतंस. महिनाभर मी वाळक्या फळीसमोर बसून तुला अक्कल शिकवत होतो. माझाच मला राग येतो.

रविवारी जावईबापूंना गाडी घेऊन पाठव. सामान फार नाही.

एकच सांगतो. माझी बीपीची गोळी दिवसाला एकच असते. ती कुणी दिली, ते तुम्ही तिघं एकमेकांना सांगत जा.

तुझे,
आण्णा